खांबाला दिलेली खबर

माझे जेठ उत्तमसिंग, म्हणजे मालकाचे थोरले भाऊ, फौजेतून हवालदार होऊन सिद्धेश्वरजवळच्या आमच्या तांड्यावर परतले ते कारगिलच्या आदल्या साली. येताना ट्रंक आणली, अन् तोंड तेवढं फौजेतलंच ठेवलं. बायको मागेच वारलेली, म्हणून जेवायला माझ्याच चुलीवर.

फौजेत साहेब लोकांना लढाई खेळायला जेठ वाळूचे डोंगर-नाले रचून द्यायचे. तोच खेळ त्यांनी अंगणात मांडला. पूर्णेची वाळू, कवड्यांची फौज. दोघं कमांडर वाळूकडे पाठ करून बसणार. हुकूम माझ्या मालकाच्या कानात सांगायचा, मालक कवड्या सरकवणार. पाठीमागं काय चाललंय ते जासूद बघून सांगेल तेवढंच. मागं वळून बघितलं की हरला. अन् जासूदानं कमांडरला हाक मारूनच सांगायचं, नाहीतर ती खबरच नव्हे.

तांड्यात त्यांना कुणी हरवलं नाही. हरणाऱ्याला वर शिव्या. "मेंढरं वळा, मेंढरं!"

त्यांच्या पोराला, देविदासला, कनेरगाव नाक्यावर ढाबा टाकायचा होता.

"हवालदाराचं पोरगं लोकांची खरकटी ताटं उचलणार?"

"इथं तरी काय उचलून राहिलो? शेणच ना?"

शेवटी बाप म्हणाला, "मला खेळात हरव अन् जा. हरलास तर ढाब्याचं नाव काढायचं न्हाई."

खेळाच्या दिवशी जेठांचा नेहमीचा जासूद पुंजाजी औंढ्याच्या बाजाराला गेलेला. देविदासची जासूद त्याची बायको पुजा. बापाकडं बोट करून तो म्हणाला, "तुमाला काकी." म्हणजे मी.

जेठ भडकले. "बाईमाणूस?"

"लढाईत जासूद निवडून मिळत न्हाई, हे तुमीच म्हणता ना, हवालदारसाहेब?"

आमच्यात जेठाशी बोलत नाहीत, हाक तर लांबच. लग्न झाल्यापासून मी पदर ओढून ओसरीच्या खांबाशीच बोलायची. 'खांबा, जेवायला वाढलंय म्हणावं.' घर तसंच चालायचं.

देविदासच्या कवड्या नाल्यातून जेठांच्या डोंगरामागं शिरल्या. मी खांबाजवळ गेले. "खांबा, नाल्यातून मागं येऊन राहिले म्हणावं."

जेठ मालकावर खेकसले, "पेमा, खबर कुणाला आली? मला का खांबाला?"

"खांबाला, दादा. पण ऐकून तर घ्या."

"मग खांबानं लढावं. फौज पुढं ने!"

फौज पुढं गेली. मागून डोंगर देविदासनं घेतला, डाव संपला.

जेठांनी वळून बघितलं अन् सगळी वाळू लाथेनं उधळली. "फितूर! घरातच फितूर पोसले!"

"तुमाला खबर बराबर आली होती, बापू," देविदास म्हणाला. पुजाला घेऊन तो निघाला. बापाच्या पाया पडला नाही, बापानं पाय पुढं केले नाहीत.

मग जेठ ओसरीत आले अन् खांबासमोर ताठ उभे राहिले. "खांबा, सांग हिला. आजपासून आपली चूल वेगळी."

"खांबा, खबर पोचली म्हणावं."

सांजेला माझ्या पाठीमागं तीन दगडांवर तवा चढला. भाकरी करपल्याचा वास आला, मग दुसरी करपल्याचा. मी मागं वळून बघितलं नाही. नियम त्यांचाच होता.