जी डिस्क जोडलीच नव्हती

आधीच सांगतो, मी लिनक्सवाला माणूस आहे. काही बिघडलं की आमच्याकडे लॉग, म्हणजे मशीनच्या नोंदी बघतात, अंगारा लावत नाहीत. घरी वरोऱ्याला आई अमावास्येला माझ्यावरून मीठ-मिरची ओवाळायची, तेव्हाही मी हसायचो. तरीही हे लिहितोय... कारण इथं सांगायला दुसरं कुणी नाही.

मी एटापल्लीत एका छोट्या संस्थेत काम करतो. जंगलातल्या गावांमधली जुनी गाणी रेकॉर्ड करून सर्व्हरवर ठेवायची, एवढंच काम. दोन खोल्या, एक सर्व्हर आणि मी. दिवसभरात पंख्याशिवाय कुणाचा आवाज कानावर पडत नाही. बोलायला माणूस यायचं ते फक्त बाजाराच्या दिवशी – राजेबाई.

राजेबाईचा नवरा चैतू गायचा. आंब्याच्या सणाला, म्हणजे मरका पंडुमला, घरातल्या गेलेल्या माणसांना जेवायला बोलावण्याचं गाणं त्याच्याकडे होतं. त्यांचं खाऊन झाल्याशिवाय घरात कुणी नवा आंबा तोंडाला लावत नाही. ते गाणं मीच त्याच्या अंगणात रेकॉर्ड केलं होतं. एकेकाला नावानं हाक मारत तो शेवटी थोरल्या भावाच्या, दोगेच्या नावापाशी थांबला आणि म्हणाला, "झालं जी, एवढेच."

पुढं चैतू गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून राजेबाई दर बाजाराला यायची, टोपली दाराशी ठेवायची, हेडफोन लावून गाणं ऐकायची आणि जायची. मोबाईलमध्ये घालून देतो म्हटलं तर म्हणायची, "चार्जिंग कुठी करू बाबू? गावात लाईट नाई." सणाला ती स्वतःच ते गाणं म्हणायची. एकदा मात्र हेडफोन काढले तरी टोपली उचलायला उठली नाही.

"काय झालं, बाई?"

"थो समद्यायले बोलावते. त्याले कोन बोलावन? मले त्याचं नाव घेता येत नाई."

नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं.

या उन्हाळ्यात वीज कडाडली आणि सर्व्हरची डिस्क गेली. मी कोरी डिस्क टाकून सगळं नव्यानं उभं केलं. बॅकअप एका यूएसबी हार्ड डिस्कवर होता, म्हणून निवांत होतो. आता अशी डिस्क नुसती जोडून भागत नाही. सर्व्हरला सांगावं लागतं की हिला अमुक फोल्डरवर बसव, मग त्या फोल्डरमध्ये आतलं दिसतं. त्याला माउंट करणं म्हणतात. ही काही माउंट होईना. सुपरब्लॉक, म्हणजे डिस्कचा मूळ नकाशाच खराब, वाचता येत नाही – तेच ते. पोर्ट बदलले, वेगळा पॉवर दिला, दुरुस्तीच्या सगळ्या कमांड चालवल्या. डिस्क आतून टक् टक् करायची आणि गप्प व्हायची.

अशात बाजाराचा दिवस आला. दुपारी राजेबाई दारात उभी.

"उद्या पंडुम हाय," ती म्हणाली. "आज आयकलं का उद्या बराबर म्हनता येते. इसरून राह्यली मी आताशा."

गाणं गेलं, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. सवयीनं तिच्या कानाला हेडफोन लावले, "बसा, आलोच" म्हटलं आणि डिस्क पिशवीत टाकून निघालो. चौकातल्या मोबाईल दुकानात दुसरी केबल लावून बघायची, एवढीच आशा होती. तिथंही तेच. परत येताना तिला काय सांगायचं याचीच जुळवाजुळव करत होतो.

दारातून बघतो तर राजेबाई डोळे मिटून बसलेली. ओठ हलत होते.

स्क्रीनवर माउंटचा फोल्डर उघडा होता. आत एकच फाईल, आणि ती वाजत होती. डिस्क माझ्या पिशवीत होती. तिला माउस धरता येत नाही. मी हेडफोनची एक बाजू कानाशी नेली. चैतूच होता. पाठीमागे त्याच्या अंगणातला कोंबडा. दोगेचं नाव आलं. मी "झालं जी"ची वाट पाहिली... ते आलं नाही. त्याच सुरात, त्याच आवाजात आणखी एक हाक आली – चैतू.

राजेबाईनं पदर तोंडाला लावला आणि रडली. मी फाईल कॉपी करायला गेलो तर फोल्डर रिकामा.

"राहू दे बाबू," ती म्हणाली. "आलं त्याले बोलावनं."

नागपूरचा एक मित्र म्हणतो, डिस्क जोडलेली नसताना बॅकअप चालला की फायली सर्व्हरवरच्या त्या रिकाम्या फोल्डरमध्येच पडून राहतात. खरंय, होतं असं. पण सर्व्हरमधली डिस्क तर नवी, कोरी होती. आणि ते नाव? रेकॉर्डर माझ्याच हातात होता. चैतूनं ते म्हटलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला राजेबाई आंबे घेऊन आली. हेडफोनकडे तिनं पाहिलंही नाही. "खा, आता चालते," म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती आली नाही. बाजारात भेटते, हसते, तब्येत विचारते. इथं यायचं तिला आता कारणच उरलं नाही.

डिस्क खणात आहे. बाजाराच्या दिवशी मी ती जोडून बघतो. तोच एरर येतो. मग दुपारभर मी हेडफोन कानाला लावून नुसता बसतो.