नुसत्या स्पिरिटचं भोक

घरात तिला सगळे 'का-बाई' म्हणत. बोलायला लागल्यापासून तिच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. दूध उतू का जातं, सावली मागे का येते, मामा का घोरतो. पुढे इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवून तपासायची नोकरी लागली, तेव्हा नातेवाइकांनी हुश्श केलं. आता काय ते जंतूंनाच विचार म्हणावं!

वडील शिंपी. उभा जन्म शिलाई मशीनच्या पॅडलवर गेलेला. मधुमेह होताच, त्यात पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली. जखमेतला नमुना लेकीच्याच टेबलावर आला. तिनं जंतू वाढवले आणि पाहते तर काय, नेहमीच्या एकाही अँटिबायोटिकला ते भीक घालेनात. सर्जन म्हणाले, अंगठा काढू. उशीर केलात तर पाऊलही हातचं जाईल.

"अंगठ्याशिवाय पॅडल मारू कसं?" वडील म्हणाले. "त्यापेक्षा कुंपणाजवळच्या झुडपाचा पाला लावतो. कात्री लागली की आयुष्यभर तोच लावलाय."

"बाबा, खबरदार, उघड्या जखमेवर काही लावाल तर!" असं दटावता दटावताच का-बाईच्या डोक्यात किडा वळवळला. खरंच पाल्यात काही असलं तर? झाडालाही जंतू लागतातच की, त्याच्याकडे कुठं डॉक्टर आहे?

प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारून तिनं पाला वाळवला, कुटला, स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढला. प्लेटमधल्या जेलीवर वडिलांचे जंतू पसरले, जेलीला बारीक भोक पाडून त्यात अर्क सोडला. दुसऱ्या दिवशी प्लेटभर जंतूंची साय धरली होती आणि भोकाभोवती मात्र स्वच्छ कडं! तिनं तिथूनच फोन लावला. "बाबा, पाल्यानं जंतू मारले!"

वडिलांना पडत्या फळाची आज्ञा. त्यांनी शस्त्रक्रियेला चक्क नकार कळवून टाकला.

मॅडमनी प्लेट उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि विचारलं, "नुसत्या स्पिरिटचं भोक कुठाय?"

का-बाईनं प्लेट पाहिली; भोक एकच होतं. स्पिरिट स्वतःच जंतू मारतं, म्हणून शेजारी नुसत्या स्पिरिटचं भोक ठेवायचंच, हा तिथला पहिला धडा. परक्यांच्या प्लेटमध्ये ती तो कधी विसरली नव्हती. बापाच्या प्लेटमध्ये विसरली. प्रयोग पुन्हा केला तर नुसत्या स्पिरिटभोवतीही तेवढंच कडं. पाला बिचारा उगाच नावाजला गेला होता.

ती घरी आली तेव्हा वडील पाय स्टुलावर ठेवून काजं करत बसले होते. "बाबा, माझं चुकलं. ते कडं स्पिरिटचं होतं, पाल्याचं नव्हतं."

वडिलांनी दोरा तोडला. मग म्हणाले, "म्हणजे ट्रायल न घेताच कोट दिलास गिऱ्हाइकाला."

"हो."

"आणि येडं गिऱ्हाईक तो घालून मिरवलं."

तिला रडू फुटलं. "रडतेस काय? उद्या जाऊ इस्पितळात. पण तो पाला सोडू नकोस. एवढ्या वेळा लावला, जखमा बऱ्या झाल्या. का झाल्या असतील?"

अंगठा गेला. उशीर झाल्यामुळे शेजारचं बोटही गेलं. ते आपल्या फोनपायी गेलं, हे का-बाईला कुणी सांगावं लागलं नाही. वडील घरी येऊन डाव्या पायानं पॅडल मारायला शिकू लागले. टाके वाकडे पडत, आणि शिव्या मशीन खाई.

का-बाई पाल्याला चिकटूनच राहिली. अर्कातलं स्पिरिट पार उडवून तो पाण्यात कालवला, तर नुसत्या पाल्यानं काहीच होईना. मग तिला वाटलं, एकट्याला जमत नाही ते दोघांना जमेल का? तिनं पाल्याबरोबर हरलेल्यांपैकी एक अँटिबायोटिक घातलं. आलेली प्लेट मॅडमच्या परवानगीनं झाकण चिकटपट्टीनं बंद करून, डब्यात घालून ती घरी घेऊन आली.

वडिलांनी चष्मा चढवला. "आधी सांग, नुसत्या पाण्याचं भोक कुठाय?"

तिनं दाखवलं. पाणी, नुसता पाला, नुसतं औषध. तिन्हींच्या कडेपर्यंत जंतू बिनधास्त वाढलेले. चौथ्यात पाला नि औषध एकत्र, आणि भोवती बारीकसं कडं.

"औषध नव्हे हं हे, बाबा. नुसती सुरुवात आहे. अजून ढीगभर ट्रायली बाकी आहेत."

"कळलं गं." त्यांनी प्लेट डोळ्यांजवळ नेली. "हे जंतू माझेच ना?"

"तुमचेच."

"मग हट्टी असणारच. माझ्यावर गेलेत."