बाजूच्या क्वार्टरवाल्याचा एक्स-रे

परदेशी निघाले त्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर माझी बॅग बाबांनीच ढकलत आणली. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात उभा जन्म कोळशात काढलेला माणूस. दर दहा पावलांवर थांबून खोकत होते. "धूळ आहे वं," म्हणाले. मी मानलं. डॉक्टर झाले, पण बापाच्या बाबतीत अडाणीच राहिले.

मला बोलावलं एका छोट्या बेटाच्या सरकारनं, दवाखाने सुधारायला. सगळ्या तालुक्यात मी एकटी डॉक्टर. इथल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात पहिल्या डॉक्टरांचा फोटो आहे. ते व्हिएन्नाचे ज्यू. तिकडच्या राजवटीनं त्यांची नोकरी, घर सगळं हिसकावलं, तेव्हा इथल्या सरकारनं त्यांना आसरा दिला आणि दवाखाना उभारायला लावला. आमची म्हातारी सिस्टर जुन्या लोकांकडून ऐकलेलं सांगते, ते आपल्या आईला दर आठवड्याला पत्र लिहायचे. एक दिवस पत्रं परत यायला लागली. त्या फोटोकडे पाहून मी स्वतःला त्यांच्या पंगतीत बसवायचे. आता त्याची लाज वाटते.

वीजकेंद्राच्या कॉलनीसाठी माझा व्हॉट्सॲप म्हणजे फुकटची ओपीडी. कोणाची शुगर, कोणाचा ईसीजी, सारं बाबांमार्फत यायचं. मागच्या हिवाळ्यात त्यांनी एका एक्स-रेचा फोटो पाठवला, नावावर अंगठा ठेवून काढलेला. मागोमाग फोन.

"बाजूच्या क्वार्टरवाल्याचा आहे. खरं खरं सांग, लपवू नको."

दोन पेशंटच्या मध्ये, उभ्या उभ्या मी सांगून टाकलं, "फुप्फुसं गेलीत बाबा. फार दिवस नाहीत. मुलं बाहेर असतील तर बोलावून घ्या म्हणावं."

बाबा म्हणाले, "त्याची पोरगी मोठ्या कामात आहे वं. तिले काहून त्रास द्यायचा, म्हणते तो."

"मग त्यांची मर्जी," म्हणत मी फोन ठेवला.

सहा आठवड्यांनी बाबा गेले. तो एक्स-रे त्यांचाच होता, हे आईनं मला त्यानंतर सांगितलं. त्या ज्यू डॉक्टरांना परतायला वाट नव्हती. मला होती, तरी मी गेले नाही, आणि माझ्याच तोंडून बाबांना स्वतःचं मरण कळलं. हे मला कधीच सहन होणार नाही.

क्वार्टर सुटलं. आई आता नागपुरात मनीषनगरला माझ्या भावाकडे असते. माझं घर तिच्यापुरतंच उरलंय. परवा तिनं एक रिपोर्ट पाठवला, "शेजारणीचा आहे, पाहून सांग," असं लिहून.

मी तो उघडला नाही. आधी तिकीट काढलं.