सगुणाबाईंच्या नावाची नोटीस

नगरला राहिलेल्या आणि नगर सोडून पुणे, ठाणे, दुबई असे पांगलेल्या माझ्या सर्व माणसांना सप्रेम सलाम.

१९९८च्या उन्हाळ्यात न्यायालयातील शिरस्तेदाराच्या पदावरून मी निवृत्त झालो आणि आठवड्याच्या आत आम्ही रत्नागिरीची एस.टी. धरली. निरोप द्यायला चर्चची मंडळी स्टँडवर आली होती. बसच्या दाराशी उभे राहून पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, ती लांबत गेली, आणि शेवटी कंडक्टर ओरडला, "आमेन झालं असेल तर दार लावतो!" माझ्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे आपल्या दादांनी, खिडकीतून हात आत घालून माझा खांदा दाबला. डोळे भरलेले, पण जीभ नेहमीचीच. "घरजावई व्हायला अठ्ठावन्नावं वर्ष बरं शोधलंस!"

मला दोघांचाही राग आला. पुण्यापर्यंत मी मनातल्या मनात कंडक्टरविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा करीत होतो. सगुणाबाई, माझी पत्नी, खिडकीशी गप्प बसून होती. लग्नाच्या वेळी मी तिला शब्द दिला होता, की पेन्शन लागली की तुझ्या गावी राहू. चौतीस वर्षे तिने नगरची ज्वारी आणि टंचाईचे पाणी गोड मानून घेतले, शब्दाची आठवण एकदाही करून दिली नाही. आंबा घाट उतरताना ती प्रथमच बोलली. "वास आला बघा." मला डिझेलखेरीज कसलाही वास आला नाही.

माझे वडील मिशनचे उपदेशक होते. ते म्हणत, "बोललेलं विसरतं, लिहिलेलं उरतं." आई म्हणे, "घासाचे आभार मानले की तो अंगी लागतो." मी वडिलांचे ऐकले. आईचे ऐकायला मला फार उशीर झाला.

रत्नागिरीत, भाट्याच्या वाटेवर सगुणाबाईंच्या वडिलांचे दोन खोल्यांचे घर, पुढे पडवी, मागे विहीर आणि चार माड. शेजारी नाना आणि मालू. नानांची हापूसची कलमे आहेत. मालू नवी नवरी होऊन तिथे आली तेव्हापासून सगुणाबाईंची मैत्रीण. दोन अंगणांच्या मध्ये गडगा, म्हणजे चुना-सिमेंट न लावता नुसत्या जांभ्या दगडांवर दगड रचलेली भिंत.

पहिली तीन वर्षे मी प्रत्येक गोष्टीची तुलना नगरशी करून ती सदोष ठरवली. भाताने पोट भरत नव्हते, घामाने शर्ट सुकत नव्हता, नळाला पाणी येण्याची वेळ कोणी सांगत नव्हते. मी अर्ज केले. नगरपालिकेला केले, वीज कार्यालयाला केले, आगारप्रमुखांना केले. सगुणाबाई मात्र संध्याकाळच्या घरच्या उपासनेत डोळे मिटून आभार मानी: बांगडे ताजे मिळाले म्हणून, मालूने आमसुले दिली म्हणून, एकदा तर, "यांचा अर्ज आज पोस्टात पडला, आता उद्यापर्यंत घरात शांतता आहे, म्हणून." मी डोळे उघडून पाहिले. ती गंभीर होती.

तिचा खरा आनंद महिन्याच्या पहिल्या रविवारी असे. ज्या चर्चमध्ये मुलगी असताना तिचे दृढीकरण झाले, म्हणजे ती मंडळीची पूर्ण सभासद झाली, तिथेच पुन्हा प्रभुभोजन घ्यायचे, एवढ्यासाठी ती चौतीस वर्षे थांबली होती. त्या विधीतला भाकरीचा तुकडा हातात घेताना तिचा चेहरा असा होई, की मी दुसरीकडे पाही.

२००१च्या पावसाळ्यात गडगा कोसळला. दिवाळीनंतर नानांनी तो पुन्हा रचला, आणि तो आमच्या अंगणात एक वीत पुढे आला. मी टेपने मोजला, नकाशाशी ताडून पाहिला. वीतभर म्हणजे वीतभर! तोंडाने बोलणे माझ्या स्वभावात नाही. मी नोटीस लिहिली. घर सगुणाबाईंच्या नावे, म्हणून नोटीसही तिच्या नावे, सही मात्र "करिता" लिहून माझी. तिला विचारले नाही. पोस्टमन आमच्याच दारावरून ते रजिस्टर पत्र घेऊन शेजारी गेला.

संध्याकाळी मालू पाकीट घेऊन आमच्या पडवीत आली. नाना-मालूंना छापील अक्षर जेमतेम वाचता येते, टाइप केलेले कायद्याचे मराठी कुठून येणार? "बाय, ह्या काय आलाय ता वाच गो. सरकारी दिसताय. आमचे हे घाबारलेत."

मी दाराआड उभा होतो. सगुणाबाईंनी चष्मा लावला आणि ती वाचू लागली. "मी, सौ. सगुणा, खाली सही करणार, आपणांस कळविते की..." तिथे ती थांबली. मला वाटले, ती कागद मिटेल. तिने मिटला नाही. "दिवाणी दावा", "खर्चासह", "पंधरा दिवसांचे आत", एकही शब्द न गाळता शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाली, "मालू, चहा ठेवते."

"नको," मालू म्हणाली, आणि पाकीट तिथेच टाकून गेली.

त्या रात्री सगुणाबाई माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर मी उत्तर दिले असते. पुढच्या पहिल्या रविवारी भाकरीच्या तुकड्यांचे ताट आमच्या बाकापाशी आले तेव्हा तिने तुकडा न घेता ते पुढे केले. मी घेतला. घरी आल्यावर विचारले, तर म्हणाली, "भांडण माझ्या नावाचं आहे, तुमच्या नाही. शेजारणीशी वाद ठेवून मी प्रभूच्या मेजाशी कशी जाऊ?"

चाळीस वर्षे कायद्यात काढलेला माणूस मी. म्हणून इथल्या पाळकसाहेबांना चार पानी पत्र लिहिले. मुद्दा असा, की आधी भावाशी समेट कर, मग देवापुढे ये, ही बायबलातील अट "भावा"पुरती आहे, भाऊ म्हणजे मंडळीतील व्यक्ती, आणि नाना हिंदू असल्याने ही अट प्रस्तुत प्रकरणी लागू होत नाही. पाळकसाहेबांचे उत्तर एका ओळीचे आले: "शिरस्तेदारसाहेब, हाच मुद्दा आपण सगुणाबाईंना वाचून दाखवावा."

मी दाखवला नाही. जानेवारीत तिने ताट पुढे केले, फेब्रुवारीतही केले. आभार मात्र रोज चालूच होते. फक्त त्यात मालूचे नाव येईनासे झाले, आणि त्या जागी ती क्षणभर थांबे. ते थांबणे मला सहन होईना. मी नोटीस मागे घेत असल्याचा मसुदा केला आणि सहीसाठी तिच्यापुढे ठेवला.

"दिलीच नव्हती, तर मागे कशी घेऊ?" ती म्हणाली. "तुम्ही जा. आणि कागद नेऊ नका."

कलमांना मोहोर आला होता. नाना पडवीत सुतळी वळत बसले होते. मी उभ्यानेच सांगितले, "नोटीस सगुणाची नव्हती. माझी होती. तिला ठाऊक नव्हते. मी चुकलो." इतरांसाठी शेकडो माफीपत्रे लिहिली असतील मी, हा शब्द तोंडाने प्रथमच उच्चारला.

नाना हसले. "ता आमाला ठावक हाय वो! बायला असली जड मराठी कुठची येवची?"

आतून मालू म्हणाली, "मंग तीन महिने बाय आली का नाय?"

"लाज वाटली तिला," मी म्हणालो.

"आणि गडगा?" नानांनी डोळे बारीक केले. "गडगा रचलाय तिथंच रवणार हां, सायेब."

माझ्या कपाळाची शीर उडू लागली. "ती जागा आमची आहे! नकाशात आहे!"

"आसल," नाना म्हणाले. "बसा. चाय घ्या."

मी बसलो. माझे मोजमाप आजही बरोबर आहे, हे इथे नमूद करून ठेवतो.

मार्चच्या पहिल्या रविवारी ताट आले. सगुणाबाईंनी तुकडा घेतला आणि या वेळी मी तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. आईचे म्हणणे तेव्हा कळले. घास तोच होता, मीच इतकी वर्षे वाद घालीत जेवत होतो.

दादा, गेल्या पत्रात तुम्ही विचारलेत, आता परत नगरला कधी येता? नगर मला अजून स्वप्नात दिसते, जागेपणी ज्वारीच्या भाकरीसाठी जीव कासावीस होतो. नगरपालिकेला अर्जही चालू आहेत, कारण नळ चालू नाही. पण संध्याकाळी उपासनेला बसलो, की मालू उंबऱ्याशी येऊन टेकते, तिला विळी हवी असते, आमेन होईपर्यंत ती थांबते. आणि सगुणाबाई डोळे मिटून एकामागून एक नावे घेत जाते, कुठेही न थांबता. ते ऐकायला मला इथेच असावे लागते.