लाखेच्या सीलखालचं दफ्तर

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझंच हसू येतं. पाटोद्याला फौजदार म्हणून नवीनच रुजू झाले होते. टोपी तिरकी, आणि डोकं त्याहून तिरकं.

विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाच्या तिथल्या शाखेच्या सचिवांनी फिर्याद दिली : कपाटातलं जुनं दफ्तर गायब. सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्तं, सगळंच. रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढायची होती, आणि पहिल्या सभासदांची नावं दुसरीकडं कुठंच नव्हती. मी लगेच मनात आंतरजिल्हा टोळी उभी केली!

खबर दिली ती इस्त्रीवाल्याने. "मॅडम, संघाचे रिटायर शिपाई हायत ना, ते रोज कागदं आणत्यात इस्त्रीला. लई जपून."

त्या शिपाईकाकांना ठाण्यात बोलावलं. साठीचा, शांत माणूस. दरारा बसावा म्हणून मी टेबलावर काठी आपटली. ती घरंगळून माझ्याच पायावर पडली.

"दफ्तर कशाला चोरलं?"

"चोरलं न्हाई बाई, वाळवायला नेलं. हापिसाचं छत गळलं, समदं भिजलं. सचिव साहेब म्हणले, बघू. ते बघूस्तोवर बुरशी थांबती व्हय?"

त्यांच्या घरी बाजेवर कागद पसरलेले होते. पहिल्या सभेच्या पानावर काकांनी बोट ठेवलं. तिथं त्यांच्या मयत पत्नीची सही होती. वस्तीतली पहिली पदवीधर. "तिच्या हातचं एवढंच ऱ्हायलंय, बाई."

मी सही पाहिली आणि पंचनामा लिहायला घेतला. सगळे कागद गोणपाटात शिवून वर लाखेचं सील ठोकलं.

"मॅडम, अजून वलं हाय," हवालदार म्हणाले.

"मुद्देमाल आहे तो, पापड नाहीत!"

काका रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसत. स्वतःवरच्या गुन्ह्याबद्दल चकार शब्द नाही. "बाई, आज ऊन कडक हाय. तेवढं उघडा की." आठव्या दिवशी मुद्देमाल खोलीतून कुबट वास आला, तेव्हा कुठं माझी अक्कल जागी झाली. कोर्टाची परवानगी आणून पंचांसमक्ष सील फोडलं आणि आवारात सतरंज्या टाकून आम्ही सगळे पानं सोडवायला बसलो.

पहिल्या सभेचं पान बुरशीने खाल्लं होतं. काकांनी ते तसंच सतरंजीवर सरळ करून ठेवलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग हवालदारांनी शेजारचं पान उन्हात धरलं. पहिल्या पानाची ओली शाई त्याच्यावर उमटली होती, उलटी. मी पर्समधला पावडरचा आरसा काढून समोर धरला. काकांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

"तिचीच. वेलांटी अशीच लांब वढायची."

चोरीचा हेतू नव्हता, असा अहवाल मी कोर्टात पाठवला. संघानेही ठराव करून दफ्तर काकांच्याच हवाली केलं. सील लावलं की वस्तू सुरक्षित, असं मला तोवर वाटायचं. नंतरच्या नोकरीत मात्र वस्तू कुणी नेली याच्याबरोबर तिला जपत कोण होतं, हेही विचारत गेले.

परवा नातीला ही हकिकत सांगितली. ती म्हणाली, "पण आजी, मग यात चोर कोण?"

"मीच की गं," म्हटलं. "एक पान माझ्या ताब्यात असताना गेलं."