सगळ्यात मोठे पॅड

माझी भाची शाळेसाठी देवरूखला माझ्याकडे राहते. कबड्डीत ती चढाईला आली की समोरच्यांना पळता भुई थोडी होते. तालुक्याच्या संघात तिचं नाव लागलं आणि थोड्याच दिवसांत तिने सरांना सांगितलं, पाय मुरगळलाय, खेळत नाही. पाय तर धडधाकट दिसत होता. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने रडत मांड्या दाखवल्या. लालभडक, सोलवटलेल्या. मला रागच आला.

कारण कपाटात होतं. तिचे वडील मुंबईला नोकरीला. गणपतीला येताना चाकरमानी हात हलवत येत नाही, आणि आणतो ते गोणीने. या खेपेला लेक मोठी झाली म्हणून त्यांनी पॅड आणले होते. रात्री वापरायचे, जाडजूड, लांबलचक, वर अत्तराचा घमघमाट. ते लावून धावायचं म्हणजे उशी बांधून धावण्यासारखंच.

"मग सांगायचंस त्यांना."

"नको गो मावशी. पप्पांनी केवढ्या हौसेनं आणलेत. वाईट वाटेल त्यांना."

"वाटू दे. मैदानात तू उतरणार आहेस, ते नाही. आणि तू उतरणार आहेस!"

आधी डॉक्टरीणबाईंकडून मलम आणलं, मग बाजार गाठला. दुकानदार पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला. "बिस्किटं गुंडाळून देता का?" मी विचारलं. भाची लाजून माझ्यामागे लपली. मी मुद्दाम तिथेच उभी राहून पाकिटं उलटीपालटी करून वाचली. वास नको, वरचा थर सुती हवा, कडांना चिकटणारे पंख हवेत आणि लांबी बेताची.

पुढच्या पाळीत आमच्या अंगणात पॅडची परीक्षा झाली. ती चढाईला आणि पकडायला मी, गुडघ्यांची तक्रार असलेली बाई. शेजारीण दगडी गडग्यापलीकडून बघत राहिली. मी म्हटलं, बघू दे. पातळ पॅड घासत नव्हता, पण पकडीत सरकत होता. कापडी पॅड मऊसूत, पण आमच्या दमट हवेत वाळेना. पाळीच्या कपचं नाव काढताच तिने तोंड वाकडं केलं. मी तो विषय सोडला, शरीर तिचं आहे. शेवटी पाळीसाठी मिळते ती खास चड्डी आणि आत पातळ पॅड, हे जमलं. सामन्याआधी बदलायचा, ओला ठेवायचा नाही, एवढं मी बजावलं.

"आता पप्पांना मी फोन करते," मी म्हटलं.

"नको, मीच करते." फोन तिनेच लावला, स्पीकरवर. "पप्पा, तुम्ही आणलेले पॅड मला टोचतात. ते लावून खेळता येत नाय."

 पलीकडून तिचे वडील म्हणाले, "बाय माजे, मला काय कळतंय त्यातलं? तुला कमी पडू नये म्हणून सगळ्यात मोठे घेतले. भर दुकानात इचारायला मला लाज नाय वाटली, नि तुला बापाला सांगायला वाटली?"

त्यानंतर ती जी बोलत सुटली! कुठे घासतं, कोणता वास सोसत नाही, पुढच्या वेळी काय बघून घ्यायचं. ते "हां, हां" करत ऐकत होते. मी दारात उभी होते. माझ्या वडिलांशी या विषयावर मी उभ्या जन्मात एक शब्द बोलले नव्हते.