चारशे बारा वेळा 'सांगता येत नाही'

दूध उतू जायच्या बेतात होतं, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता आणि दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर. तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलेली बाई. जिन्यात मूल खोकलं तर छाती भरलीय की नुसता घसा, हे त्या घरात बसून सांगतात. आज हातात छापील कागद होते.

"आधी गॅस बंद कर. मग हे वाच. तू शिकलेली आहेस."

एका बड्या कंपनीचा शोधनिबंध होता, खोकला ऐकून न्यूमोनिया ओळखणाऱ्या यंत्रावर. ही कंपनी फोन विकते आणि फावल्या वेळात ज्ञान निर्माण करते. वर्षाला नऊशे निबंध! विचार कधी करतात कोण जाणे. अर्धं पान नुसती लेखकांची नावं, त्यात आमच्या मेडिकल कॉलेजचे विभागप्रमुखही. त्यांना नवी प्रयोगशाळा कंपनीनेच बांधून दिली, तेव्हापासून त्यांचा कणा रजेवर आहे.

निवृत्तीनंतर सिस्टरनी ह्याच कंपनीच्या यंत्राला शिकवायला हेडफोन लावून मुलांचे सहा हजार खोकले ऐकले होते. प्रत्येकापुढे खूण करायची: साधा, न्यूमोनियाचा, नाहीतर 'सांगता येत नाही'. हे तिसरं बटण त्यांनी चारशे बारा वेळा दाबलं. वहीत लिहून ठेवलंय. निबंधात ते बटणच नाही! ते सगळे खोकले 'साधा'त ढकलून दिलेत आणि वर मिजास अशी, की यंत्र शंभरात सत्त्याण्णव वेळा अचूक.

"अहो, कुणी विचारलं नाही?"

"मी विचारलं ना. परवा विभागप्रमुखांकडे गेले. म्हणाले, सिस्टर, दोन हजार संशोधकांनी ह्या निबंधाचा आधार घेतलाय. म्हटलं, सर, त्यातल्या किती जणांनी खोकला ऐकलाय?"

"मग?"

"मग काय, चहा मागवला."

मला हसू फुटलं. त्यांना नाही. सोमवारपासून कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तेच यंत्र बसणार होतं. यंत्र 'साधा' म्हणालं, की मूल घरी.

"त्या चारशे बारांतलं एकही मी तपासल्याशिवाय सोडलं नसतं," सिस्टर म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

मी कागद-पेन घेतलं. "विभागप्रमुखांना काय लिहू? निबंधात तुमचं नाव घाला म्हणून?"

"नावाचं काय लोणचं घालू? एवढंच लिही. यंत्राला 'सांगता येत नाही' म्हणू द्या."